ग्रिपखालचं शिसं

रविवारी सकाळी पावणेनऊला हॉकीच्या मैदानावर मास्तरांनी फ्री हिट मारली आणि चेंडूच्या आधी त्यांची स्टिकच उडाली.

अख्खी नव्हे. मूठ मास्तरांच्या हातात राहिली. खालचं वाकडं तोंड मानेपाशी तुटलं आणि गरगरत जाऊन बारा पावलांवर उभ्या असलेल्या मेहुण्याच्या डाव्या डोळ्याच्या जरा वर आदळलं. मेहुणा म्हणजे तागडीमामांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने पाववाला. तो आधी गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर आडवा झाला. तोंड दाबून धरलेल्या बोटांच्या फटींतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं की काय झालंय, आणि सगळे धावले.

तागडीमामाही धावले. दर रविवारी ते रेषेबाहेर आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसून असत, कुणाची ग्रिप सुटली, कुणाच्या शिनगार्डचा पट्टा तुटला तर हाताशी असावं म्हणून. साठी ओलांडलेला माणूस, पण त्या दिवशी पोरासारखे पळाले. फक्त ते मेहुण्याकडे पळाले नाहीत. आधी गेले तुटलेल्या तुकड्याकडे. तो उचलला, मोडलेली जागा उजेडात धरली, अंगठ्याने चाचपली, आणि मग त्यांना आठवलं की तिथे एक माणूसही पडलाय. हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मात्र आलं, आणि त्यांना स्वतःची किळस वाटली.

स्टिक त्यांनीच केलेली होती. आणि दोन महिन्यांत मोडलेली ही त्यांच्या हातची तिसरी. पहिली मोडली बँकेतल्या कॅशियरची, साधा पास देताना, तेव्हा सगळे हसले होते. दुसरी मोडली तेव्हा मामा म्हणाले, लाकडात गाठ असेल. तिसरीने माणूस पाडला.

कुणीतरी गाडी आणली. मामांची बायको मागच्या गल्लीतून धावत आली, भावाचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली, आणि गाडी दवाखान्याकडे गेली. जाताना तिने मामांच्या हातातल्या तुकड्याकडे एकदा बघितलं. मामांना वाटलं, ती घाबरलीय.

मास्तर मैदानाच्या मधोमध नुसती मूठ धरून उभे होते. "माझ्या हातून झालं रे," ते सारखं म्हणत होते. लोक त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. "तुमचा काय दोष? लाकूडच पूर्वीसारखं येत नाही आता," असं कुणीतरी म्हणालं, आणि मामांनी ते वाक्य बुडत्याने काडी धरावी तसं धरलं.

मामांचं दुकान मैदानाच्या मागच्या गल्लीत. लांबट खोली, पुढे काम आणि मागे घर. भिंतीवरच्या खुंट्यांवर स्टिका आडव्या टांगलेल्या, खाली भुशाचा थर, आणि खिडकीपाशी रंधा, कानशी, काचपेपर. वखारीतून तुतीच्या लाकडाच्या कच्च्या, जाडजूड स्टिका यायच्या आणि मामा त्या ज्याच्या त्याच्या मापाच्या करून, तापल्या तारेने आपली खूण उमटवून द्यायचे. तरुण पोरं केव्हाच कार्बनच्या स्टिकांकडे गेली होती. मामांकडे उरले होते ते हौशी. रविवारचे पुरुष, रविवारच्याच दुपारच्या बायका, पन्नाशीतले, साठीतले, गुडघ्याला पट्टा बांधून येणारे.

आणि हौशी लोकांचे नखरे विचारू नयेत. जो जितका कमी खेळतो तितक्या त्याच्या मागण्या जास्त, हे मामांनी चाळीस वर्षांत पारखलेलं होतं. कॅशियरची उंची बेताची, पण त्याला साडेसदतीस इंचीच हवी, कारण कुठल्याशा ताडमाड खेळाडूकडे त्याने ती बघितली होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंना ग्रिप पिवळीच लागायची, हिरव्या ग्रिपने म्हणे चेंडू अडत नाही. एक वकील ग्रिपवर ग्रिप चढवून घ्यायचा, इतकी की मूठ नव्हे, मुसळ. मास्तर फुलबॅक, त्यांना जड लागायची, सहाशे वीस ग्रॅम. कार्बनच्या स्टिकेला ते प्लॅस्टिकचा झाडू म्हणत. मेहुण्याचं उलट. पाचशे तीसच्या वर एक ग्रॅम चालायचा नाही. "दाजी, हातात आहे की नाही ते मला कळता कामा नये," तो म्हणायचा. हरले की दोष स्टिकेचा. नाचता येईना अंगण वाकडं. असली वाकडी अंगणं रोज कुणीतरी मामांकडे घेऊन यायचं, आणि मामा कुरकुरत का होईना, सरळ करून द्यायचे.

वजन ते हातावर बघायचे. डोळे मिटून स्टिक उजव्या पंजावर आडवी घ्यायची, बोटं जराशी हलवायची आणि आकडा सांगायचा. फार वर्षांपूर्वी मेहुण्याच्या पावाच्या दुकानात पैज लागली होती. दहा स्टिका मामांनी हातावर तोलल्या आणि मग दुकानातल्या काट्यावर. पाच ग्रॅमच्या वर एकही चुकली नाही. तेव्हापासून ते तागडीमामा. खरं नाव आता पोस्टमनला तेवढं ठाऊक.

लेक औषधांच्या दुकानात कामाला. दोन वर्षांपूर्वी तिने हौसेने डिजिटल काटा आणून दिला. मामांनी तो हातातही घेतला नाही. "मला काटा दाखवतेस?" ते म्हणाले. "आईला दे. पीठ मोजेल." काटा स्वयंपाकघरात गेला.

लाकूड मामांचं आणि ग्रिप बायकोची, अशी वाटणी लग्नापासूनची. मामांनी स्टिक तोलून आकडा सांगितला की ती मागच्या खोलीत जायची. तिथे ती मुठीवर ग्रिप गुंडाळायची, आणि शेवटी मेणाच्या दोऱ्याचे सात वेढे देऊन टोक असं आत ओढून घ्यायची की शोधून सापडू नये. तसं दुसऱ्या कुणाला जमत नसे.

त्या रविवारी मैदानावरून आल्या आल्या मामांनी वखारवाल्याला फोन लावला. रविवार आहे, माणूस जेवायला बसला असेल, कशाचा विचार नाही. "माणसं मारायला निघालायस का?" इथून सुरुवात झाली. वखारवाला बिचारा म्हणत राहिला, "मामा, त्याच लाकडाच्या स्टिका मी आणखी पाच जणांना देतो, कुणाची तक्रार नाही." मामांनी त्याला खोटारडा म्हटलं, तीस वर्षांचा व्यवहार बंद केला आणि फोन आपटला. मग बायकोचा फोन आला. नऊ टाके पडले. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागलं असतं तर गेला होता.

मामा फोन धरून तसेच बसले. मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी मास्तरांनी दिलेली मूठ पुढे ओढली. ग्रिप चांगली होती, काढून ठेवावी म्हणून दोरा कापला आणि ग्रिप उलगडायला लागले. तीन वेढे सुटले आणि खाली काहीतरी राखाडी दिसलं.

शिशाची पट्टी होती. पातळ, मऊ, लाकडाला घट्ट गुंडाळलेली, वर चिकटपट्टीचा एक पदर. मामा ती उलगडत गेले तर ती संपेना. हातभर निघाली.

त्यांचं डोकं फिरलं. आपण केलेल्या स्टिकेत दुसऱ्या कुणी हात घालावा, हे त्यांना अंगावर थुंकल्यासारखं वाटलं. आणि दुसरं कोण असणार? मास्तर. महिना-दोन महिने मास्तर कुरकुरतच होते, "अरे, ही मुठीत जड लागते आणि तोंडाला पोकळ." मामा त्यांना म्हणाले होते, स्टिक बरोबर आहे, तुझं वय झालं. म्हणजे मग यांनी आपल्या मनाने शिसं भरलं. तोल गेला, म्हणून मोडली. मामांनी पट्टी खिशात कोंबली आणि मास्तरांचं घर गाठलं.

मास्तर ताट पुढे घेऊन न जेवता बसले होते. मामांनी पट्टी थेट ताटाशेजारी ठेवली.

"हे काय केलंस?"

"काय आहे हे?"

"ते मी तुला विचारतोय. तुझ्या स्टिकेतून निघालंय. चाळीस वर्षं माझ्याकडे येतोस, आणि माझ्या पाठीमागे माझ्या स्टिकेत शिसं भरतोस?"

मास्तरांनी पट्टी उचलली, चष्मा कपाळावर सरकवून बघितली. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. "मी?" ते म्हणाले. "मला माझ्या सायकलची चेन बसवता येत नाही, आणि मी ग्रिप काढून शिसं भरणार? ती तशी परत कोण गुंडाळून देणार मला?"

मास्तर उठले आणि माळ्यावरून आणखी दोन स्टिका काढून आणल्या. एक चार वर्षांपूर्वीची, एक गेल्या वर्षीची. "फोड," ते म्हणाले. मामांनी जुनीची ग्रिप कापली. खाली स्वच्छ लाकूड. मग गेल्या वर्षीची कापली. खाली शिसं.

दोन्ही स्टिकांच्या ग्रिपचे दोरे ताटाशेजारी पडले होते. मेणाचे, सात सात वेढ्यांचे. मामा त्या दोऱ्यांकडे बघत राहिले. मास्तरांनीही दोऱ्यांकडे पाहिलं. मग उठून पाण्याचा पेला भरला आणि मामांच्या पुढे ठेवला. मामांनी तो डाव्या हाताने उचलला. हल्ली ते पेला डाव्याच हाताने उचलत, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

घरी आले तेव्हा बायको दवाखान्यातून परतली होती. नळाखाली साडीचा पदर धूत होती, भावाच्या रक्ताचा डाग निघत नव्हता. मामांनी पट्टी कामाच्या फळीवर टाकली.

"हे काय आहे?"

तिने वळून पाहिलं. नळ बंद केला. "शिसं," ती म्हणाली. "मासे धरायच्या गळाला लावतात ते."

"शिसं आहे ते मलाही दिसतंय. स्टिकेत कुठून आलं?"

"मी घातलं."

वाटेत मामांनी सगळी तयारी केली होती. ती नाही म्हणेल, मग आपण दोरे दाखवू, मग ती रडेल. ती इतकं सरळ बोलली की ती सगळी तयारी वाया गेली. तिने हात पुसले, आत गेली आणि स्वयंपाकघरातला काटा घेऊन आली. फळीवरचा भुसा हाताने सारून काटा ठेवला, वर एक वाटी पालथी घातली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला. हे ती पहिल्यांदा करत नव्हती, एवढं कुणालाही कळलं असतं.

"ती खुंटीवरची बिनग्रिपची घ्या," ती म्हणाली. "शुक्रवारी केलीत ती. किती म्हणाला होतात?"

"पाचशे साठ."

"पुन्हा तोला."

मामांनी स्टिक उतरवली, डोळे मिटले, उजव्या पंजावर आडवी घेतली. बोटं हलवली. "पाचशे साठ," ते म्हणाले. "एखादा ग्रॅम जास्तच."

तिने स्टिक वाटीवर ठेवली. काट्याने आकडा दाखवला, चारशे एकोणनव्वद.

"बिघडलाय काटा."

तिने साखरेचा न फोडलेला अर्ध्या किलोचा पुडा आणून ठेवला. पाचशे चार. "चार पिशवीचे," ती म्हणाली. "आता डाव्या हाताने तोला."

"डाव्या हाताने कधी तोलतात का?"

"माझ्यासाठी तोला."

त्यांनी डाव्या पंजावर स्टिक घेतली. डाव्या हाताला कुणी कधी तोलायला शिकवलेलं नव्हतं, तरी त्याला कळलं. ती हलकी होती. काडीसारखी हलकी होती. त्यांनी ती घाईघाईने उजव्या हातात घेतली तर तीच स्टिक जड झाली. पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या. मग ते स्टुलावर बसले, आणि बराच वेळ त्यांना उजवा हात कुठे ठेवावा ते समजेना. आपला हात आपल्याशीच खोटं बोलत होता. शर्टाची बटणं लागेनाशी झाली तेव्हा त्यांनी शिंप्याला शिव्या दिल्या होत्या, काजं लहान केली म्हणून. किटली जड झाली तेव्हा बायकोला म्हणाले होते, इतकी भरतेस कशाला. बोटांना मुंग्या यायच्या, तर कामाने येतात म्हणाले. हात दुबळा होत गेला तसं त्यांना सगळं जग जड लागायला लागलं, आणि ते जगालाच तासत बसले.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "डॉक्टरीणबाईंची स्टिक होती. मी म्हटलं, अहो, ही जरा हलकी लागतेय हाताला. तुम्ही म्हणालात, तू ग्रिप गुंडाळ, वजनाचं मी बघतो. आणि दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी."

मामांना ते आठवेना. आणि आठवत नाही याचाच त्यांना जास्त धक्का बसला. तिने दीड वर्ष उराशी धरलेलं वाक्य, ते बोलून विसरूनही गेले होते.

"मग मी काट्यावर बघायला लागले," ती म्हणाली. "तुमचा आकडा आणि काट्याचा आकडा. जितकं कमी भरेल तितकं शिसं ग्रिपखाली गुंडाळायचं. म्हटलं, वजन बरोबर असलं की कुणाला काय कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं नाव राहील." ती थांबली. "वजन मी भरलं हो. तुम्ही मानेतलं लाकूड काढून टाकत होतात, ते मी कुठून भरणार होते? ते माझ्या डोक्यातच आलं नाही. कॅशियरची मोडली तोवर आलं नाही."

"तेव्हा आलं?"

तिने बटण दाबून काटा बंद केला.

मामा एकदम उभे राहिले. दुपारचे तीन वाजून गेले होते. चार वाजता बायकांचा खेळ, आणि लेक त्यात राइट विंगला खेळायची. "लेकीची स्टिक," ते म्हणाले. "तिचीही माझ्याच हातची आहे. गेल्या वर्षीची."

"तिची बदलली मी."

"काय?"

"कॅशियरची मोडली त्याच आठवड्यात. बाजारातून बिनरंगाची आणली. खाली छाप होता तो घासून काढला, तुमची खूण तापल्या तारेने उमटवली, तीच निळी ग्रिप घातली. तिला म्हटलं, बाबांनी नवी केलीय, जुनी देऊन टाक."

दोन महिन्यांपूर्वी लेक दारातून आत डोकावून म्हणाली होती, "बाबा, स्टिक काय मस्त झालीय." मामांना वाटलं होतं, जुनीबद्दलच बोलतेय. ते खूश होऊन म्हणाले होते, "मग? केली कुणी आहे?" ते आत्ता आठवलं आणि कानशिलात बसावी तसे त्यांचे कान तापले.

"आणि बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्यांच्या बदलायच्या म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं," ती म्हणाली, आणि धुतलेल्या पदरावरच्या डागाकडे बघत राहिली.

मामांना तिच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण त्यांना सकाळचा तो तुकडा आठवला, माणसाच्या आधी उचललेला. ओरडायचं राहून गेलं. त्यांनी कापायची सुरी घेतली.

"काटा घे," ते म्हणाले. "वाटीही घे."

"लोकांसमोर?"

"सात-आठ जणींच्या हातात माझ्या स्टिका आहेत आत्ता. चल."

मैदानावर बायका पायांना शिनगार्ड बांधत होत्या. सकाळचे पुरुषही घरी न जाता रेंगाळले होते. मास्तर आले होते, कॅशियर होता. आणि बाकावर मधोमध मेहुणा. दवाखान्यातून सुटल्यावर घरी जायचं सोडून तो स्कूटर न्यायच्या निमित्ताने इथे आला होता. अर्ध्या चेहऱ्यावर पांढरी पट्टी, एक डोळा उघडा, आणि त्या एका डोळ्याने तो सगळ्यांना हकीकत सांगत होता. त्याच्या सांगण्यात आतापर्यंत स्टिक वीस पावलांवरून आली होती. "दाजी," मामांना बघून तो म्हणाला, "बाकी काही म्हणा, तुमच्या स्टिकेने नेम चुकवला नाही."

कुणीतरी हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी पत्र्याची पेटी गवतावर ठेवली, बायकोने त्यावर काटा आणि वाटी ठेवली.

"आज खेळू नका," मामा म्हणाले. "दीड वर्षात माझ्याकडून नेलेल्या स्टिका इकडे आणा. माझा हात गेलाय. मला वजन कळत नाही. लाकूड जास्त उतरलंय, आणि वजन भरायला ग्रिपखाली शिसं आहे. सकाळी मोडली ती लाकडामुळे नाही. माझ्यामुळे मोडली."

हसू जागच्या जागी थांबलं. डॉक्टरीणबाई सगळ्यांत आधी पुढे आल्या. मामांनी त्यांची पिवळी ग्रिप कापली, शिसं काढून गवतावर टाकलं आणि नुसती स्टिक वाटीवर ठेवली. बाईंनी मागितली होती पाचशे चाळीस, भरली चारशे अठ्ठ्याण्णव. त्यांनी स्टिकेची मान बोटांत धरून पाहिली आणि त्यांचं तोंड उतरलं. "याने मी काल माझ्या मुलासमोर चेंडू मारत होते," त्या हळू म्हणाल्या. मग दुसरी. बासष्ट कमी. तिसरी, त्र्याहत्तर कमी. कुणी रागावलं असतं तर मामांना बरं वाटलं असतं. कुणी रागावेना. सगळे त्या काट्याकडे, शिशाच्या वाढत्या ढिगाकडे आणि मामांच्या उजव्या हाताकडे आळीपाळीने बघत होते, जणू घरातला कुणी माणूस अचानक परक्या भाषेत बोलायला लागावा.

लेकीला बापाचा उतरलेला चेहरा बघवेना. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली.

"माझी बघा," ती म्हणाली.

"तुझी राहू दे."

"का म्हणून? बघा तर."

"राहू दे म्हटलं ना."

तिने ऐकलं नाही. मामांच्या हातातली सुरी घेऊन तिने स्वतःच दोरा कापला, निळी ग्रिप सरसर उलगडली. खाली नुसतं लाकूड. तिने स्टिक वाटीवर ठेवली. पाचशे पन्नास, तिने कायम मागितलेला आकडा. तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "बघा," ती म्हणाली. "शिसं नाही, काही नाही. ही दोनच महिन्यांपूर्वी केलीय बाबांनी. हात गेलाय म्हणे. कुठे गेलाय हात?"

लोकांच्या चेहऱ्यांवर जरा आशा आली. मामांना वाटलं, गप्प बसावं. एका स्टिकेपुरतं तरी नाव राहील. बायको शेजारी उभी होती, तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"ती माझी नाही," मामा म्हणाले.

"तुमची नाही कशी? खूण आहे की ही."

"खूण माझी आहे. स्टिक बाजारातली आहे."

"पण आईने दिली मला. तुम्ही केलीय म्हणाली." लेकीने आईकडे पाहिलं.

"दोन महिने म्हणजे," कॅशियर मनाशीच हिशेब करत म्हणाला, "माझी मोडली त्याच सुमारास."

त्याला बोलून गेल्यावर कळलं की तो काय बोललाय. मास्तरांनी मान खाली घातली. एकेक करून सगळ्यांना कळत गेलं, आणि सगळ्यांत शेवटी कळलं ते बाकावर बसलेल्या मेहुण्याला. तो उठला. पट्टीवरून एकदा हात फिरवला. सकाळपासून चाललेली त्याची थट्टा कुठल्या कुठे गेली होती.

"ताई," तो म्हणाला, "मी पण इथेच खेळतो ना."

काट्याची कड तिने धरून ठेवली होती आणि तिच्या हातांनी काट्यावरचे आकडे वरखाली होत होते.

"तिला विचारू नकोस," मामा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, पण तो मैदानभर ऐकू गेला. "दीड वर्षापूर्वी तिने मला सांगितलं होतं, अहो, ही हलकी लागतेय. मी काय म्हणालो ते मला विचार. मी म्हटलं, तू ग्रिप गुंडाळ, वजनाचं मी बघतो. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. त्यानंतर कोण कशाला सांगेल मला? लेकीची तेवढी तिने वाचवली. बाकी सगळं माझ्या धाकाने झालं. तुझा डोळासुद्धा."

लेक हातातली निळी ग्रिप बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. मेहुणा बराच वेळ एका डोळ्याने बहिणीकडे बघत उभा राहिला. मग पुढे आला. तिची बोटं एकेक करून काट्यापासून सोडवली, तिला बाकावर आपल्या जागी बसवलं आणि स्वतः पेटीसमोर मांडी घालून बसला. वाटी नीट केली, आकडा शून्यावर आणला.

"पुढची आणा," तो म्हणाला.